मधला ओटा सपाट ठेवला, मागून उंच नाही केला

सयपाकघराच्या मधोमध ओटा घ्यायचा हे आमच्या घरी लवकर ठरलं, पण तो एकाच लेव्हलचा सपाट ठेवायचा की काम करायची बाजू खाली आणि बैठकीकडची पट्टी सहा इंच उंच, हॉटेलच्या काउंटरवानी, असा दोन लेव्हलचा करायचा यावर मात्र पूर्ण हिवाळाभर बोलणं चाललं. यूट्यूबवर पाहिलं तर सगळे व्हिडिओ शहरातल्या फ्लॅटचे नाहीतर अमेरिकेतले. गावाकडच्या घरात, जिथं रोजची भाकर-पोळी, उन्हाळ्यातलं वाळवण आणि महालक्ष्म्यांचा सयपाक एकाच जागी होतो, तिथं काय करावं हे कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही कसं ठरवलं ते सगळं लिहून राहिली आहे, कोणाचं बांधकाम सुरू असेल तर कामी पडेल.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. जुनं कवेलूचं घर पाडून स्लॅबचं बांधलं. बैठक आणि सयपाकघर यांच्यात भिंत नको हे माझंच म्हणणं होतं, कारण इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलर लागतो बैठकीच्या खिडकीत, आणि मधात भिंत असली की सगळे गार हवेत बसतात अन् सयपाक करणारी बाई आत भाजून निघते. तर भिंत गेली आणि भिंतीच्या जागी हा मधला ओटा आला, ज्याला सगळे आयलंड म्हणतात. भिंत गेल्यामुळेच उंच पट्टीचा प्रश्न आला, कारण आता छपरीतून आत आलेल्या माणसाला थेट सयपाकघर दिसणार.

आधी मापं सांगते. बाहेरच्या देशात जे चालतं ते असं की सपाट ओटा असेल तर तो ३६ इंचाचा आणि बसायला २४ ते २६ इंचाची स्टुलं. दोन लेव्हलचा असेल तर काम करायची बाजू ३६ आणि मागची पट्टी ४२ इंच, पट्टीची रुंदी १२ ते १८ इंच, आणि तिला स्टुलं लागतात ३० इंचाची. बसणाऱ्याच्या सीटपासून ओट्याचा वरचा भाग १० ते १२ इंच उंच असावा हा त्यामागचा हिशोब आहे, तो सगळीकडे सारखाच, मग ओटा यवतमाळात असो की अमेरिकेत.

आमच्या ह्यांना उंच पट्टी पाहिजे होती. त्यांचं म्हणणं होतं की सकाळी चहा घेत बसता येईल, कृषी केंद्राची बिलं, हिशोबाची वही तिथंच मांडता येईल, आणि आलेल्या माणसाला खरकटं दिसणार नाही. नागपूरच्या जाऊबाईंच्या फ्लॅटमध्ये तशीच पट्टी आहे आणि ती छान दिसते, यात काही खोटं नाही. माझं मन आधी दोन्हीकडे जात होतं. सासूबाई सगळं ऐकून घ्यायच्या, आणि एका रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "माह्या गुडघ्याले त्या उंच स्टुलावर चढणं जमन काय वं? मी मेथी खुडाले कुठी बसू मंग?"

मामाजी, म्हणजे माझे सासरे, तर आजही पाटावर बसून जेवतात, त्यांचा प्रश्नच नव्हता. पण सासूबाईंचा प्रश्न मला बरोबर वाटला. ३० इंचाचं स्टूल म्हणजे माझ्या कंबरेच्या जरासंच खाली, लुगडं नेसलेल्या सत्तरीच्या बाईनं त्यावर चढायचं कसं अन् उतरायचं कसं. आमच्या घरात दिवसभर सयपाकघरात बसून काम करणारं माणूस कोण, तर त्याच. मेथी, सांभार (कोथिंबीर) निवडणं, लसूण सोलणं, शेंगा फोडणं, तुरीच्या हिरव्या शेंगा सोलणं, सगळं त्यांच्याकडे. मग बसायची जागा त्यांना सोडून बाकी सगळ्यांसाठी करायची याला काही अर्थ नव्हता.

मी बीएला गृहअर्थशास्त्र घेतलं होतं, त्यात सयपाकघराचा कार्यत्रिकोण शिकवतात, म्हणजे शेगडी, सिंक आणि धान्य-फ्रीजची जागा या तिघांमधलं अंतर मिळून १३ ते २६ फुटांच्या आत असावं आणि मधात काही आडवं येऊ नये. इलिनॉय विद्यापीठातल्या लोकांनी १९४० च्या दशकात हे मांडलं होतं. त्याच्याही आधी, १९२६ मध्ये, मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या बाईनं जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या घरांसाठी जे सयपाकघर बनवलं त्यात बसून काम करायला फिरतं स्टूल दिलं होतं. शंभर वर्षांपूर्वी त्या बाईला समजलं होतं की सयपाक करणारी दमते आणि तिला बसून काम करता आलं पाहिजे. हे मी घरात सगळ्यांना सांगितलं, मुद्दाम सांगितलं, कारण स्टूल म्हटलं की आपल्याकडे ते पाहुण्यासाठीच असं समजतात.

आता खरकटं दिसण्याचा मुद्दा. उंच पट्टीच्या बाजूनं बोलणाऱ्याचं सगळ्यात दमदार कारण हेच, आणि ते खरं आहे. पण आम्ही बसून विचार केला की त्या ओट्यावर खरकटं येईल कुठून? सिंक जर मधल्या ओट्यात असलं तर येईल. आमच्याकडे भांडी घासली जातात मागच्या आंगणात, मोरीवर, उन्हात वाळतात, आणि घरातलं लहान सिंक खिडकीखाली भिंतीच्या ओट्यावर ठेवायचं होतं. म्हणजे मधल्या ओट्यावर राहणार पोळपाट, परात, भाजीची टोपली, विळी. हे लपवायचं काहून? गावात कोणी आलं तर तेही येऊन दोन शेंगा सोलायला बसतात.

शेगडीचंही तसंच झालं. शेगडी मधल्या ओट्यावर ठेवणार असाल तर मागची उंच पट्टी कामाची आहे, समोर बसलेल्याच्या अंगावर फोडणी उडत नाही, लेकरांचा हात पोचत नाही. पण शेगडी मधात न्यायची म्हणजे गॅसची लाइन जमिनीतून तांब्याच्या पाइपमधून न्यावी लागते, कारण रबरी सुरक्षा पाइप दीड मीटरपेक्षा लांब ठेवायचा नसतो आणि तो दर पाच वर्षांनी बदलायचा असतो, तो फरशीखाली गाडता येत नाही. वरून बैठकीतल्या कूलरचा झोत सरळ मधल्या ओट्यावर येणार, त्यात जाळ फडफडणार. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून पाइप टाळायला सिलिंडर मधल्या ओट्याखालच्या बंद खणात कोंबणं मला पटत नव्हतं. मग शेगडी खिडकीजवळ भिंतीच्या ओट्यावरच ठेवली, बाजूला सिलिंडर उघड्यावर उभं, आणि भिंतीला खालच्या अंगाला जाळी. हे एकदा ठरल्यावर उंच पट्टीची दोन मोठी कारणं, सिंक आणि शेगडी, आपोआप गेली. ज्यांच्याकडे ही दोन्ही भिंतीला आहेत त्यांनी उंच पट्टी घ्यायच्या आधी हे नीट पाहावं.

तरी ह्यांचं मन मानत नव्हतं आणि मलाही नुसतं कागदावर ठरवायचं नव्हतं. तेव्हा स्लॅब पडला होता, खाली कोरडा कोबा, भिंतींना प्लास्टर नव्हतं. मिस्त्रींना म्हटलं भाऊ, सेंट्रिंगच्या दोन-तीन प्लेटा, स्लॅब ओतताना खालून लावता त्या, अन् विटा द्या जरा. ते म्हणाले, "वहिनी, काय करता?" म्हटलं ओटा करून पाहते. मग जिथं ओटा येणार बरोबर तिथं विटा कोरड्याच रचल्या, थरावर थर. आपल्याकडची वीट साधारण तीन इंच जाड, दहा थर लावले की ३० इंच होतात. त्यावर सेंट्रिंगच्या प्लेटा ठेवल्या, त्या तीन बाय दोनच्या असतात, तीन प्लेटा लांबीला लागून लावल्या की बरोबर ओट्याचा आकार येतो. मागच्या कडेला अजून विटा चढवून त्यावर एक फळी आडवी टाकली, ती झाली उंच पट्टी. वर जुनं धुतलेलं लुगडं अंथरलं आणि घरून परात, पोळपाट, लाटणं, पीठ, तव्याएवढी गंजी सगळं आणलं.

हे ज्यांना शक्य असेल त्यांनी कराच. कागदावर जे चार महिने समजत नाही ते कणीक मळायला घेतली की लगेच समजते.

माझी उंची पाच फूट एक इंच. सरळ उभं राहून हात कोपरात वाकवला तर माझं कोपर जमिनीपासून ३८ इंचावर येतं. कापायचं-चिरायचं काम कोपराच्या चार-पाच इंच खाली बरं पडतं, मळायचं काम त्याहूनही खाली, कारण मळताना खांद्याचा जोर लागतो. मी आधी ३४ वर पाहिलं, भाजी चिरायला मस्त वाटलं. पण पोळपाट ठेवला की त्याच्या पायांमुळे लाटायची जागा दीड-पावणेदोन इंच वर जाते, म्हणजे ३६ च्या जवळ, आणि चार-पाच पोळ्यांतच खांदे वर चढायला लागले. हे पोळपाटाचं माप कोणत्याच व्हिडिओत नाही, कारण त्यांच्याकडे पोळपाटच नाही. मग फळ्या काढून, फरशीचे तुकडे लावून खाली-वर केलं. ३० वर मळायला छान पण चिरायला पाठ वाकते. ३२ वर सगळंच जमत होतं, मळणं, लाटणं, चिरणं.

आणि भिंतीचा ओटा, जिथं शेगडी राहणार, तो आम्ही त्याहूनही खाली ३० वर घेतला, कारण ओट्यावर शेगडीची स्वतःची उंची येते, त्यावर गंज (मोठं पातेलं), त्यात सराटा (उलथनं) फिरवायचा, तर हात पार छातीच्या वर जातो. म्हणजे लेव्हल दोन झाल्याच, पण एका ओट्याचे दोन तुकडे करून नाही.

उंच पट्टीची खरी अडचण मला त्या विटांच्या ओट्यावर दिसली. ३२ ला लागून पट्टी ३८ वर येत होती, बरोबर माझ्या कोपराएवढी. वरणाचा भरलेला गंज कामाच्या बाजूनं उचलून बैठकीकडे द्यायचा तर आधी पट्टीवरून न्यावा लागतो, म्हणजे गरम गंज छातीपाशी धरून पुढं वाकायचं. बाहेरच्या मापाप्रमाणे ४२ केली तर अजूनच वाईट. सपाट ओट्यावर तोच गंज फडक्यावर ठेवून सरकवला की पलीकडे पोचतो, उचलायचं कामच नाही. ह्यांनी स्वतः पाण्यानं भरलेला गंज तसा देऊन पाहिला, आणि त्यानंतर पट्टीचं बोलणं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

दुसरं असं की उंच पट्टी असली की ओट्याला एकच कामाची बाजू राहते. पलीकडचा माणूस फक्त बसणारा होतो. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा-कनिष्ठा, तीन दिवसांचा सण, दुसऱ्या दिवशी पूजेचं जेवण म्हणजे पुरणपोळी, सोळा भाज्या, कढी, आंबील, वडे, आणि जेवणारे अख्खे भाऊबंद. तेव्हा सयपाकघरात सात-आठ बाया असतात. जुन्या घरात आम्ही सतरंजी टाकून गोल करून बसायचो, एक पुरण भरे, एक लाटे, एक शेकणारीकडे पोचवे. त्या गोलातली गंमत मला नवीन घरातही पाहिजे होती. सपाट ओटा असला तर चारही बाजूंनी हात चालतात, समोरासमोर दोन पोळपाट लागतात, मधात पुरणाचं पातेलं, आणि बोलणंही समोरासमोर होतं. मधात सहा इंचाची भिंत आली की ते तुटतं. उडदाचे पापड लाटायच्या दिवसांतही तेच. माझ्यासाठी शेवटी हेच कारण सगळ्यात मोठं ठरलं, बाकीची कारणं याच्या मागून आली.

जाऊबाईंना फोन करून विचारलं तर त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की फ्लॅटमध्ये सिंक मधल्या ओट्यातच आहे आणि सोफ्यावरून सरळ दिसते, म्हणून उंच पट्टी नसती तर चाललंच नसतं. फक्त दोन लेव्हलच्या सांध्यात पीठ अन् ओल जाऊन मुंग्या होतात, तो कोपरा रोज पुसावा लागतो, आणि पट्टीवर चाव्या, औषधं, चार्जर यांचा ढीग होतो.

आता दगडाचं, कारण यात आमचा जीव फार गुंतला. सपाट ओट्याची रुंदी आम्हाला तीन फूट पाहिजे होती, दोन फूट काम करायला आणि एक फूट पलीकडे बाहेर काढलेली, गुडघे जायला. तालुक्याच्या दुकानांत ग्रॅनाइट मिळतं ते जास्त करून कटरचं, त्याची रुंदी दोन-अडीच फूट, फार झालं तर तीनला टेकते आणि कडा घासल्यावर तेवढीही राहत नाही. गँगसॉचा स्लॅब म्हणून जो असतो तो पाच-सहा फूट रुंद, तो मोठ्या शहरातल्या गोदामातच मिळतो आणि भाव जास्त. इथं दोन लेव्हलचा ओटा स्वस्त पडतो हे मी प्रामाणिकपणे सांगते, कारण त्याला दोन अरुंद पट्ट्या पुरतात, कटरचा माल चालतो, जोड कुठं दिसत नाही. सपाट करायचा तर एकतर मधात जोड द्या नाहीतर मोठा स्लॅब आणा. मिस्त्री म्हणत होते जोड देऊ, इपॉक्सी भरू, काळ्या दगडात दिसत नाही. पण माझं म्हणणं, ज्या ओट्यावर रोज कणीक पडणार त्याच्या मधोमध जोड नको, अन् जोड आला तरी तो बाहेर काढलेल्या भागाच्या रेषेवर तर नकोच. मग नागपूरहून गँगसॉच्या मोठ्या स्लॅबमधला उरलेला काळा तुकडा मिळाला, सहा बाय तीन कापून, कडा अर्धगोल करून तिथूनच आणला. दगड गाडीत आडवा कधीच टाकू नका, उभा करून, खाली लाकडी फळ्या, दोरीनं बांधून आणायचा, आडवा टाकला की खड्ड्यात चिरतो. १८ मिमी जाडीचा तो तुकडा ८० किलोच्या आसपास भरतो, उतरवायला चार माणसं लागली.

एवढं वजन, वरून विटांच्या भिंती, आणि खाली आमची काळी भारी जमीन. ही जमीन पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. घराचा पाया खोल नेऊन मुरूम भरला होता पण मधला ओटा तर पायावर नाही, भरावावर बसणार. म्हणून ओट्याच्या जागी मुरूम पाणी मारून पुन्हा ठोकला, त्यावर सळईची जाळी टाकून काँक्रीटचा बेड केला, ओट्यापेक्षा चारही बाजूंनी जरा मोठा. मिस्त्रींनीच हे सुचवलं आणि यात पैसे वाचवू नका म्हणाले.

एक फूट बाहेर काढायचं तर १८ मिमीचा दगड एकटा ते पेलत नाही. सहा-आठ इंचाच्या पुढं खाली आधार पाहिजेच. लोखंडी ब्रॅकेट चालतात पण गुडघ्याला लागतात, म्हणून आम्ही खाली अडीच इंचाचा आरसीसी स्लॅबच ओतला आणि तोच एक फूट बाहेर काढला. असा स्लॅब बाहेर लोंबता असला की सळ्या वरच्या अंगाला ठेवायच्या असतात, कारण ताण वर येतो. आपल्याकडे ओतताना मजूर सळ्यांवर पाय देतात अन् त्या खाली बसतात, मग स्लॅब दिसायला तसाच पण ताकद गेली. मी तिथं उभी होते तोवर सळ्यांखाली खडीचे तुकडे लावूनच ओतलं. आणि तरीही खलबत्ता त्या बाहेरच्या भागावर वापरायचा नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, ठेचा कुटायचा तर भिंतीच्या बरोबर वर.

उंचीचं माप देताना एक गोष्ट फार महत्त्वाची. मिस्त्री माप घेतात तेव्हा फरशी बसलेली नसते. नंतर माल अन् फरशी मिळून दोन-अडीच इंच वर येते आणि ३२ चा ओटा साडेएकोणतीसचा होऊन बसतो. म्हणून आधी पाण्याच्या लेव्हल पाइपनं चारही भिंतींवर पक्क्या फरशीची रेघ मारून घेतली, आणि त्या रेघेपासून वर ३२ मोजले, त्यातून ग्रॅनाइट, खालचा माल आणि आरसीसी वजा करून विटकामाची उंची काढली. हे सगळं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं, मिस्त्री बदलला तरी माप बदलू नये म्हणून.

प्लगचं थोडक्यात. उंच पट्टीत उभा भाग असतो, तिथं प्लग छान बसतो. सपाटला ती सोय नाही, म्हणून ओट्याच्या बाजूच्या भिंतीत, दगडाच्या खाली हातभर अंतर सोडून प्लग दिला, मिक्सरपुरता. वायरचा पाइप फरशीच्या आधीच जमिनीतून टाकून घ्यावा लागतो, नंतर फोडाफोड होते. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवला, ओल्या हातांचं काम आहे.

दोन ओट्यांमधली वाट चार फूट ठेवली. एकटीला साडेतीन पुरतात, पण परात घेऊन दोघी समोरासमोर आल्या तर चार पाहिजेत, हेही विटांच्या ओट्यावर चालून पाहिलं होतं. आणि बैठकीकडचे दोन्ही कोपरे गोल करून घेतले, पुतण्याचं डोकं बरोबर त्या उंचीला येतं.

आता ओटा वापरात आहे. तूर आली तेव्हा सासूबाई एका बाजूला शेंगा सोलत बसायच्या अन् मी समोर लाटायची, दोघींचे हात एकाच दगडावर. त्यांचं स्टूल गावच्या सुताराकडून सागवानाचं करून घेतलं, सीट २१ इंचावर, मागं टेकायला पाठ आणि पाय ठेवायला खाली आडवी पट्टी, कारण पाय लोंबकळले की गुडघे दुखतात. ह्यांची हिशोबाची वही तिथंच असते रात्री, ओटा पुसल्यावर. बैठकीत बसलेल्या माणसाला पोळपाट दिसतो, परात दिसते, आणि त्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही आजवर.

नणंदबाईंचं दिग्रसला घर सुरू आहे, त्यांना आमचा ओटा आवडला आणि त्यांनी मिस्त्रीला हेच माप देतो म्हटलं. मी त्यांना थांबवलं. त्यांची उंची पाच फूट पाच इंच, कोपर ४१ वर येतं, त्यांना ३२ चा ओटा दिला तर पाठ जाईल, त्यांच्यासाठी ३५ निघाला. शिवाय त्यांच्याकडे मागं आंगण नाही, भांडी घरातच घासणार, सिंक मधल्या ओट्यातच बसवावं लागणार आणि समोर पाचेक फुटांवर दिवाण आहे. त्यांना मीच म्हटलं, ताई, तुम्ही मागून उंच करा, पण पूर्ण लांबी नका घेऊ, फक्त सिंकच्या समोर तेवढी पट्टी चढवा अन् बाकीचा ओटा सपाट सोडा, लाटायला. पुढच्या रविवारी विटा रचून पाहणार आहेत.